चार माणसांत घेतलेला होकार

माझी बायको वत्सला मागच्या हिवाळ्यात गेली. तेरवी व्हायची होती, घरात पाहुणे होते, अन् माझ्या मोबाइलवर दवाखान्याचा मेसेज आला. ‘आमच्या सेवेचा आपला अनुभव कसा होता? एक ते पाच तारे द्या.’ खाली पाच रिकाम्या चांदण्या.

दुसऱ्या कोणाला रडू आलं असतं. मला राग आला, अन् तोही कारागिराला दुसऱ्याचं वाकडं काम पाहून येतो तसला. मी जन्मभर लोकांना प्रश्न विचारून पोट भरलं आहे. चांदण्या मागायच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो, पेशंट घरी आला का. तो प्रश्न त्यांच्या फॉर्मात नव्हता. मेलेल्या माणसाच्या घरून उत्तर येईल हे फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्यातच नव्हतं. मी पाच दिल्या असत्या तर ‘उत्तम’मध्ये धरलं असतं, एक दिली असती तर ‘सुधारणेस वाव’. वत्सलासाठी खानाच नव्हता. मी काहीच दिलं नाही. मेसेज अजून मोबाइलमध्ये तसाच आहे.

अंकाचे संपादक म्हणाले, बाबा, तुमच्या कामाबद्दल लिहा, पण दिवाळीचा अंक आहे, जरा गोड लिहा. गोड सध्या माझ्याकडे नाही. मी सातवी नापास आहे. शुद्धलेखन त्यांनी सुधारावं, मजकूर सुधारू नये.

माझं काम सर्वेचं. नागपूरच्या एका एजन्सीकडून फॉर्म यायचे अन् मी सायकलवर सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा, तिगाव असा फिरायचो. कोणता चहा पिता, कोणता साबण लावता, ट्रॅक्टर कोणाच्या सांगण्यावरून घेतला. लोकांना वाटते, यात काय आहे, विचारलं अन् लिहिलं. तसं नाही. आपल्या भागातली माणसं चांगली आहेत, अन् सर्वेवाल्यासाठी तीच अडचण आहे. दारात आलेल्या माणसाचं मन मोडत नाहीत. तिगावला एका म्हाताऱ्याला मी पाच साबण दाखवले. त्याने पाचही चांगले सांगितले. त्यातला एक अजून बाजारात आलाच नव्हता.

मी म्हटलं, “बाबाजी, हा साबण तुम्ही वापरला कुठे?”

“वापरला नाही. पन येईन तं चांगलाच येईन ना जी. तू एवढ्या उन्हात आला, तुले वंगाळ कायले सांगू?”

हे ज्याला कळलं त्याला माझं अर्धं काम कळलं. प्रश्न असा विचारायचा की समोरच्याला तुमचं मन राखायची गरज पडू नये. राहिलेलं अर्धं म्हणजे कोणाला विचारायचं अन् कोणासमोर विचारायचं. अन् आमचा भाग मध्य प्रदेशातला, म्हणून फॉर्म हिंदीत, घरातलं बोलणं मराठी. दारात उभं राहून मनातल्या मनात मराठी करायचं, अन् करताना आपल्याकडून एखादा ‘ना’ लागू द्यायचा नाही. ‘चहा आवडतो का’ अन् ‘चहा आवडतो ना’ यांची उत्तरं वेगळी येतात.

प्रत्येक नवा फॉर्म मी आधी वत्सलाला वाचून दाखवायचो. ती भाजी निवडत असायची. शाळेत ती माझ्याहूनही कमी गेलेली. मान वर न करता सांगायची, “याच्यात तुमाले हाव पायजे.” आमच्याकडे होला हाव म्हणतात. तिला जर माझ्या प्रश्नावरून कळलं की मला कोणतं उत्तर पाहिजे, तर प्रश्न बाद. एवढी एकच परीक्षा होती, अन् माझ्या एजन्सीच्या कोणत्या साहेबाला ती कधी जमली नाही.

या उन्हाळ्यात एजन्सीच्या मॅडमचा फोन आला. पोरगीच आहे, माझ्या डोळ्यांसमोर नोकरीला लागली.

“काका, एक छोटा सर्वे आहे. मोबाइलवरच्या गेमचा. लहान गावांतून ऑनलाइन उत्तरंच येत नाहीत, म्हणून माणूस पाठवायचा आहे.”

“मॅडम, मला गेममधलं काही समजत नाही.”

“समजायची गरजच नाही काका. फक्त फॉर्म भरायचे अन् शेवटी सही करायची.”

हे ऐकून फोन ठेवायला पाहिजे होता. पण घर खायला उठून राहिलं होतं. मी हो म्हटलं.

फॉर्म मोबाइलवर आला. अक्षरं मुंगीएवढी. सौंसरला बसस्टँडजवळ एक दुकान आहे, तिथे पूनम नावाची मुलगी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते अन् कागद काढून देते. तिचे वडील नगरपालिकेत होते, माझी ओळख तेव्हाची. मी तिला म्हटलं, हे मोठ्या अक्षरात काढ. कागद निघत असताना ती वाचू लागली अन् थांबली.

“बाबा, हे गेमचं तुम्ही विचारनार?”

“काहून, मले तोंड नाही का?”

“तोंड तं हाय जी. पन तुमाले मीटर म्हंजे काय ते तरी ठाव हाय का?”

“नाही. सांग.”

तिने सांगितलं ते मी जसं समजलो तसं लिहितो. हा पाच-पाच जणांच्या लढाईचा खेळ. पाच आपले, पाच त्यांचे. कोणी घरी बसून, कोणी पुण्यात बसून, पण लढाई एकच. आपल्या पाचांत तीन मारणारे असतात, एक पुढे उभा राहून मार खाणारा, अन् एक जखमा भरणारा. त्याला हीलर म्हणतात. आता त्या खेळाला एक मीटर जोडता येतो. लढाई संपली की तो प्रत्येकाच्या नावापुढे आकडा दाखवतो, कोणी किती मारलं. ज्याने चार जणांना जिवंत ठेवलं त्याचा आकडा सगळ्यांत खाली येतो, कारण त्याने मारलंच नाही. आतापर्यंत ज्याला पाहिजे तो मीटर लावायचा. कंपनीला आता तो सगळ्यांना दिसेल असा करायचा होता, अन् त्यासाठी खेळणाऱ्यांचं मत पाहिजे होतं.

मग मी फॉर्म वाचला. पहिला प्रश्न, मीटरमुळे तुमचा खेळ सुधारायला किती मदत होते? उत्तरं तीन. फार मदत होते, मदत होते, थोडी मदत होते.

मी कागद पालटून पाहिला. ‘मदत होत नाही’ मागच्या बाजूलाही नव्हतं.

दुसरा प्रश्न, मीटरमुळे खेळ चांगला होतो आणि भांडणं कमी होतात असं तुम्हाला वाटतं का? एका प्रश्नात दोन प्रश्न. खेळ चांगला होतो पण भांडणं वाढतात असं ज्याला वाटते त्याने काय करायचं, अर्धा हो म्हणायचं? अन् ज्यांना विचारायचं त्यांच्या नावांची यादी सोबत होती. यादीतले सगळे जण सध्या मीटर लावून खेळणारे. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाच्या रांगेत जायचं अन् तिथे उभ्या माणसाला विचारायचं की तुम्ही देव मानता का, तसं हे काम.

“याच्यात तुझं नाव नाही,” मी म्हटलं.

“माझं कसं राहीन? मी हीलर होती. सोडलं मी.”

“काहून सोडलं?”

“तुमच्या फॉर्मात हाय का हा प्रश्न?”

“नाही.”

“मंग कायले विचारता?” असं म्हणून ती कागद कापत राहिली. थोड्या वेळाने आपणच बोलली.

तिचा मोठा भाऊ निखिल पुण्याला कारखान्यात आहे. वर्षातून दोनदा घरी येतो. फोनवर दोघांना बोलायला काही सुचत नाही, जेवली का, जेवलो, एवढंच. पण संध्याकाळी खेळात दोघं भेटायचे. तो पुढे उभा राहून मार खायचा, ती मागून त्याच्या जखमा भरायची. बाकीचे तिघं त्याचे कारखान्यातले दोस्त. मग त्या दोस्तांनी मीटर लावला. रोज पूनमचा आकडा तळाला. तिघं हसू लागले, मग चिडू लागले. एका संध्याकाळी निखिलने सगळे ऐकत असताना विचारलं, “पूनम, तू काही दिवस टीमबाहेर राहते का? चालेल ना तुले?”

“मंग तू काय म्हटलं?”

“काय म्हननार बाबा? सगळे ऐकत होते. माहा भाऊ कॅप्टन होता. चालेल म्हटलं.”

मी तिथल्या स्टुलावर बसलो. तिने पाणी दिलं. तिला वाटलं उन्हाने झालं.

उन्हाने नव्हतं झालं. आता मला माझी चूक सांगावी लागते. ती मी कोणालाच सांगितली नव्हती.

फार वर्षांमागे वत्सला संत्र्याच्या शेडवर छाटणीला जायची. बाया ढिगाभोवती बसायच्या, संत्रं हातात घेऊन लहान-मोठं वेगळं करायच्या अन् क्रेट भरायच्या. वत्सलाचं काम थोडं निराळं पडलं होतं, कोणी दिलं नव्हतं, तिनेच घेतलं होतं. ती प्रत्येक संत्र्याच्या देठाजवळ अंगठा दाबून पाहायची. आतून बसलेलं, सडायला लागलेलं संत्रं वरून चांगलं दिसते, अंगठ्यालाच कळते. असं एक जरी क्रेटमध्ये गेलं तर दूरच्या गावी पोचेपर्यंत सगळा क्रेट जातो. दुसऱ्या बायांच्या भरलेल्या क्रेटमधूनही ती काढायची. त्यात तिचे स्वतःचे क्रेट कमी भरायचे.

मग मालकाने भिंतीवर पाटी लावली. कोणत्या बाईने किती क्रेट भरले. वत्सला रोज शेवटी. बायांमध्ये कुरबूर सुरू झाली तेव्हा मालकाने मला बोलावलं.

“तू तं हेच काम करतो. बायांना विचार पाटी पसंत हाय का, अन् कागद बनवून दे. मंग कोणी बोलाले नको.”

मला मोठेपणा वाटला. प्रश्न वत्सलाला आधी वाचून न दाखवताच मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बायांना रांगेत उभं केलं. मालक खुर्ची टाकून समोर बसला. मी एकेकीला विचारलं, “पाटीमुळे काम चांगलं होऊन राहिलं ना?” हाव जी, हाव जी, हाव जी. वत्सला आली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग मालकाकडे, मग खाली. “हाव,” म्हणाली. मी लिहिलं, हो. तिचं उत्तर माझ्या हाताने लिहिलं.

कागदावर सगळ्यांचा होकार. पाटी पक्की झाली. वर हा नियम आला की ज्या बाईचा आकडा सारखा खाली राहील तिने यायचं नाही. आमच्या घरातली बाई पहिली निघाली. पुढे मालकाचा माल सडून परत आला का, मला माहीत नाही. गोष्टीत तसं झालं असतं. आला नसेल तरी वत्सलाचा अंगठा खोटा ठरत नाही.

एक सांगून ठेवतो. त्या शेडवर कौसल्याबाई नावाची एक बाई होती, तिला पाटी खरंच पाहिजे होती. पाटी नव्हती तेव्हा मुकादम आपल्या ओळखीच्या बायांचंच काम मालकाला सांगायचा, कौसल्याबाईचं कोणी सांगत नव्हतं. पाटीने तिला न्याय दिला. म्हणून मी पाटीच्या विरोधात बोलून राहिलो असं कोणी समजू नये. ज्याने त्याने आपलं खरं सांगितलं असतं अन् पाटी ठरली असती, तर माझी हरकत नव्हती.

शेड सुटल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी वत्सला म्हणाली, “तुम्ही मालकासमोर विचारलं. त्याच्यात तुम्ही माहे नवरे. चार माणसांत मी तुमाले नाही म्हनू? तुमची काय राहिली असती मंग?” मग तिने दुधाच्या पावडरचा रिकामा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली, अन् माझ्यासमोर तुरीचा एक दाणा अन् कापसाची एक सरकी ठेवली. तूर म्हणजे हो, सरकी म्हणजे नाही. दोन्ही दाणे हातात द्यायचे. एक डब्यात टाकायचा, दुसरा बाजूच्या पिशवीत. मूठ बंद, कोणी पाहत नाही, कोणी बोलत नाही. मी दाणे टाकून पाहिले. तुरीचा दाणा टिनावर वाजते. सरकीला कापूस चिकटलेला असते, ती वाजत नाही. आवाजावरून कळलं असतं. तिच्या हे ध्यानात आलं तसं तिने डब्याच्या बुडाशी अन् पिशवीत कापसाचा जाड थर दिला. दोन्ही दाणे मुके झाले.

“आता विचारा मले,” ती म्हणाली.

“आता काय फायदा? शेड तं सुटली,” मी म्हटलं अन् डबा सायकलला अडकवला.

तो डबा मी पुढे सगळीकडे नेला. सासूसमोर सुनेला काही विचारायचं असलं, सावकाराच्या घरी सालदार गड्याला विचारायचं असलं, की डबा. एजन्सीतले हसायचे, पण माझ्या गावांची उत्तरं पक्की असतात म्हणायचे. ती अक्कल माझी नव्हती. मी कोणाला सांगितलं नाही की ती बायकोची आहे. तेही आज सांगून राहिलो.

तर त्या दिवशी मी स्टुलावरून उठलो अन् पूनमला म्हटलं, नवा फॉर्म टाइप कर.

दोन दिवस आमचं तेच चाललं. गिऱ्हाईक नसलं की ती टाइप करायची. पहिला प्रश्न असा केला, तुम्ही खेळात काय करता, मारता, मार खाता की जखमा भरता? कारण हीलर पाचांत एकच असतो. सगळ्यांची मतं एका ढिगात टाकली तर मारणारेच जिंकणार. मग विचारलं, मीटर असताना तुमच्यासोबत काय झालं ते सांगा. चांगलं की वाईट हे आपण बोलायचं नाही. मग, मीटर सगळ्यांना दिसावा, ज्याचा त्यालाच दिसावा, की नसावा? अन् शेवटी ‘सांगता येत नाही’. हा खाना ठेवायला साहेब लोक घाबरतात. पण ज्याला सांगता येत नाही त्याला जबरदस्तीने बोलतं केलं तर तो खोटंच सांगतो.

पूनमने एक प्रश्न टाइप केला, ‘मीटरमुळे तुमचा अपमान झाला का?’

मी म्हटलं, “हे काढ.”

“काहून? झाला ना माहा.”

“तुझा झाला. पण प्रश्नात तू तुझं उत्तर टाकून राहिली. कंपनीने केलं तेच तू करून राहिली.”

“तुम्ही कोनाकडून हाय बाबा?”

“कागदाकडून.”

ती फणकारली, पण प्रश्न काढला.

पांढुर्ण्याला स्टेशनकडे चहाच्या टपरीमागे यादीतले पाच पोट्टे भेटले. एकाच टीमचे. आधी मी मॅडमच्या फॉर्मातला प्रश्न सगळ्यांना तोंडाने विचारला.

“मस्त हाय बाबा मीटर,” त्यांचा कॅप्टन म्हणाला, अन् बाकीच्या चौघांनी मान हलवली.

मग मी डबा काढला.

“हे काय, इलेक्शन हाय का बाबा? बोटाले शाई लावा मंग.”

“शाई नाही. फक्त तोंड बंद ठेव.”

मी सांगितलं, मीटर सगळ्यांना दिसावा असं वाटत असेल तर तूर, तसं वाटत नसेल तर सरकी, ठरलं नसेल तर दोन्ही पिशवीत. एकेकाने टपरीच्या आडोशाला जाऊन दाणा टाकला. डबा मोकळा केला तर दोन तुरी अन् तीन सरक्या. पाच मिनिटांआधी पाचही जण मस्त म्हणाले होते.

कॅप्टनचं तोंड पाहण्यासारखं झालं. “कोनं टाकली बे सरकी?”

“तू हे विचारतो ना, म्हणूनच डबा लागते,” मी म्हटलं.

निघताना एक बारीक पोट्टा सायकलपर्यंत आला. हळूच म्हणाला, “बाबा, माही तूर होती. खरीच होती. पहिले कॅप्टन आपल्या मामाच्या पोराचंच नाव घ्यायचा. मीटरने दाखवलं का जास्त मी मारतो.” मला कौसल्याबाई आठवली. मी त्याचं जसंच्या तसं लिहिलं.

यादीत नसलेले, खेळ सोडून गेलेले, पूनमने खेळातल्या तिच्या जुन्या नोंदींतून शोधून दिले. लोधीखेड्याला एक किराणावाला निघाला, चाळिशीचा, हीलर खेळायचा. म्हणाला, “दिवसभर गिऱ्हाईक मले ऐकवते, संध्याकाळी आकडा ऐकवाले लागला. दोनातलं एक सोडनं भाग होतं. गिऱ्हाईक सोडता येत नाही.” हा माणूस कोणाच्या यादीत नव्हता. कंपनीसाठी तो मेलेला होता. दवाखान्याच्या चांदण्यांत वत्सला नव्हती, तसा.

सगळे कागद मी मॅडमला पाठवले. दोन दिवसांनी फोन आला.

“काका, हे काय पाठवलं? तूर, सरकी? याचा मी तक्ता कसा बनवू?”

“तूर म्हणजे हो. बाकी तक्त्यासारखंच आहे.”

“फॉर्म बदलायचा नव्हता. कंपनीने मंजूर केलेला फॉर्म आहे.”

“त्याच्यात नाही म्हणायला जागा नाही, मॅडम.”

ती हळू आवाजात म्हणाली, “मला दिसते काका. मी बोलले वरती. ते म्हणाले, किती जण खूश आहेत एवढंच पाहिजे.”

“मग विचारता कायले? लिहून टाका ना.”

“मंजूर फॉर्मावर तुमच्या सहीशिवाय पांढुर्णा-सौंसर धरता येणार नाही.”

“नका धरू.”

“मग तुमच्या दोन्ही गावांतलं कोणाचंच मत जाणार नाही. त्या हीलर लोकांचंही नाही. तसं चालेल तुम्हाला?”

खरं सांगतो, इथे मी अडलो. सही केली तर खोटा होकार, नाही केली तर काहीच नाही. तिने विचारलं ते चुकीचं नव्हतं. मी एक रात्र मागितली नाही, लगेच सांगितलं, सही होणार नाही. बरोबर केलं की रागात केलं, मला आजही नक्की नाही. दोन्ही गावं कागदावरून निघाली.

पावसाळ्यात एक दिवस पूनमने मला दुकानात बोलावून मोबाइल दाखवला. खेळात नोटीस आली होती. ‘खेळाडूंच्या मागणीवरून मीटर आता सर्वांसाठी खुला.’

कोणत्या खेळाडूंच्या? मला ते पोट्टे दाखवा, मी सायकलवर जातो त्यांच्या घरी. असं करून या देशात काय काय मंजूर होत असेल. आपल्याला विचारलं, आपण हो म्हटलं, असं कुठेकुठे लिहून ठेवलं असेल. कोणी तुम्हाला तीन गोड उत्तरं देऊन एक निवडा म्हटलं, तर निवडू नका. कागदावर लिहा, माझं उत्तर यात नाही. एवढं केलं तरी या लेखाचं काम झालं.

पोळ्याला निखिल घरी आला. मी दुकानात गेलो तेव्हा तो तिथेच काउंटरला टेकून उभा होता. पूनम आत कागद काढत होती. पूनमने त्याला माझ्याबद्दल सांगितलं होतं.

“बाबा, तुम्हीच ते सर्वेवाले? ही पूनम मले अजून ऐकवते. पन तिनं स्वतः चालेल म्हटलं होतं. सगळ्यांनी ऐकलं.”

“सगळ्यांनी ऐकलं, हेच तं,” मी म्हटलं. आवाज चढला माझा. झेरॉक्ससाठी उभा असलेला माणूस वळून पाहू लागला. “तुला माहीत होतं ती काय म्हणणार. म्हणून तसं विचारलं. मी बी तसंच विचारलं होतं एकीला.”

पोरगा खाली पाहू लागला. त्याचे डोळे बहिणीसारखेच आहेत. मला त्याची कीव आली, अन् स्वतःची आली नाही. मी पिशवीतून डबा काढून त्याच्या हातात दिला अन् तो कसा चालतो ते सांगितलं.

“काय विचारशील?”

“परत खेळशील ना?”

“‘ना’ काढ.”

“परत खेळशील का?”

“नाही म्हणायला बी जागा दे.”

त्याने विचार केला. “तुले माह्यासोबत परत खेळाचं हाय, का नाही खेळाचं?”

“आता जा.”

पूनम हसली. “माह्या भावाले डबा लागते मले विचाराले?” पण दाणे घेतले. पाठ फिरवली, टाकला एक. आम्ही दोघंही दुसरीकडे पाहत होतो. निखिलने झाकण काढलं. कापसावर सरकी होती.

त्याला वाटलं होतं तूर निघेल. मलाही वाटलं होतं, हे कबूल करतो. त्याने सरकी उचलून तळहातावर घेतली. पूनम म्हणाली, “तेव्हा असं विचारलं असतं तं तूर टाकली असती दादा. आता मन नाही लागत त्याच्यात. तू घरी बोलत जा ना फोनवर. जेवली का, एवढंच नको विचारू.”

“मंग काय विचारू?”

“हे बाबाले विचार. थे शिकवतीन.”

तिघंही हसलो. झेरॉक्ससाठी थांबलेला माणूसही हसला, त्याला काही माहीत नसताना.

घरी येताना मी सायकल हातात धरून चालत आलो. त्या दिवशी मला कळलं की मी वत्सलाला का नाही विचारलं. तिने डबा समोर ठेवला होता, दाणे ठेवले होते, विचारा म्हटलं होतं. मी जन्मभर स्वतःला सांगत आलो की वेळ निघून गेली होती. तसं नव्हतं. आत सरकी निघेल याची मला भीती होती. दारोदार फिरून अनोळखी माणसाची सरकी मी ऐकून घेतली, घरातल्या बाईची ऐकायची हिंमत झाली नाही. अन् तिने पुन्हा कधी डबा पुढे केला नाही. माझे फॉर्म मात्र शेवटपर्यंत ऐकले. दवाखान्यात जायच्या आठवड्यातही एक ऐकला, अन् म्हणाली, याच्यात तुमाले हाव पायजे.

मॅडमचा सही न केलेला फॉर्म माझ्याकडे आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी एक प्रश्न लिहिला आहे. तीनदा खोडला, मग जमला. ‘शेडवर त्या दिवशी मी मालकासमोर तुला विचारलं अन् तुझं उत्तर माझ्या हाताने लिहिलं, ते तू मला माफ केलं, की नाही केलं?’ मोठ्याने वाचून पाहिला. कोणतं उत्तर पाहिजे ते वाचून कळत नाही. वत्सलाच्या परीक्षेत पास झाला असता.

खाली उत्तराची जागा सोडली आहे. ती मी भरणार नाही.